घरची गाडी : काटा खाली होता म्हणून

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी पुतणीचा फोन आला. पणजीहून बेळगावला येत होती, दादाची २००४ सालची मारुती ८०० घेऊन. केरी मागे टाकून चोर्ला घाट निम्मा चढली होती. "काका, बॉनेटमधून वाफ येतेय. काटा एकदम लाल रेषेवर गेलाय. झाकण उघडून पाणी घालू का?"

मी एवढ्या जोरात "नको" म्हणालो की आतून बायको धावत बाहेर आली.

मागच्या लेखात टायरची हवा झाली. पुढच्या वेळी ब्रेकबद्दल लिहीन असं म्हटलं होतं, ते राहू दे. कारण हा फोन आणि त्यानंतरचे पंधरा दिवस यात जे समजलं ते आधी सांगायला हवं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात वडिलांची किंवा आजोबांची जुनी गाडी उभी आहे. ती विकावीशी वाटत नाही आणि तिच्यावर नक्की किती विश्वास टाकावा हेही कळत नाही. त्या गाड्यांचा सगळ्यात घातक आजार म्हणजे गरम होणं. बाकी काही बिघडलं तर गाडी थांबते. गरम झालेली गाडी मात्र थांबत नाही, आणखी दोन-तीन किलोमीटर ओढते आणि तेवढ्यात इंजिनची वाट लावून ठेवते.

आधी झाकणाचं. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. कुकरच्या शिट्टीसारखी ती एक झडप आहे. जपानी बनावटीच्या बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर ०.९ असा आकडा कोरलेला असतो. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका वाढेपर्यंत ते पाणी अडवून धरतं. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यात १०० अंशांना उकळणारं साधं पाणी या दाबाखाली ११८ अंशांच्या आसपास उकळतं. त्यात निम्मं कूलंट असेल तर सव्वाशेच्या जवळपास. म्हणजे गरम गाडीच्या रेडिएटरमध्ये ११० अंशांचं पाणी शांतपणे बसलेलं असू शकतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ती सरळ तोंडावर येते. कुकरची शिट्टी काढायच्या आधी आपण झाकण उघडत नाही, तसंच हे.

पुतणीने एक गोष्ट फार चांगली केली होती. काटा लाल रेषेला टेकताच, "आता वरपर्यंत पोचू, मग बघू" असं न म्हणता वळणावरच्या रुंद जागेत गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं होतं. पुढे जे घडलं त्यात तिचा हा निर्णय सगळ्यात मोलाचा ठरला. मग पहिला गिअर टाकून ठेव, हँडब्रेक ओढ, मागच्या चाकाखाली दगड लाव, एवढं फोनवर सांगितलं. (निघताना तो दगड उचलून कडेला टाकायचा असतो. आपल्या घाटांत ट्रकवाल्यांनी मागे ठेवलेले दगड रात्री दुचाकीवाल्यांना कुठे नेतात ते सांगायला नको.) बॉनेट उघडं ठेवून तासभर थांबायचं. इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी पडलं तर ते वाकतं किंवा तडकतं. रेडिएटरच्या वरच्या बाजूला येणारा जाड रबरी पाइप हातात धरवेल इतका निवला की मग जाड फडकं टाकून झाकण पाव फेरा फिरवायचं, उरलासुरला दाब फुस्स करून जाऊ द्यायचा आणि मगच दाबून पूर्ण उघडायचं.

काटा नुसता चढतोय, वाफ नाही, पाणी गळत नाही, अशा वेळी मात्र इंजिन लगेच बंद करण्याची घाई नको. एसी बंद, हीटर पूर्ण चालू, पंखा जोरात, काचा खाली आणि गाडी बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये चालू ठेवायची. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच. एप्रिलच्या उन्हात तो चालू करणं ही शिक्षा आहे, पण त्याने काटा खाली येताना मी अनेकदा पाहिलंय. मिनिटा-दोन मिनिटांत खाली आला नाही, तर मात्र बंद.

तासाभराने तिने झाकण उघडलं आणि पुन्हा फोन केला. "काका, बाजूची प्लॅस्टिकची बाटली तर वरच्या रेषेपर्यंत भरलेली आहे. मी निघताना बघितली होती. पण रेडिएटरमध्ये पाणीच दिसत नाही." थांबलेल्या एका टेम्पोवाल्याने दोन बाटल्या पाणी दिलं, आणि जवळजवळ दोन लिटर पाणी आत गेलं! तशीच हीटर लावून, हळूहळू, काट्यावर डोळा ठेवून ती संध्याकाळी घरी आली. वहिनी दारात उभीच होती.

भरलेली बाटली आणि रिकामा रेडिएटर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गौरी-गणपती झाल्यावर पुतणी बसने पणजीला गेली आणि गाडी एका गॅरेजला दाखवली. तिथल्या मिस्त्रीने इंजिन ऑइल ओतायचं झाकण काढून आतली पिवळसर साय बोटावर घेऊन दाखवली. "हेड गॅस्केट गेलंय. पाणी ऑइलमध्ये उतरलंय. हेड काढून फेसिंग करावं लागेल, उघडल्यावर आणखी काय निघेल सांगता येत नाही. पस्तीस हजारांची तयारी ठेवा." गाडी विकायला काढली तर तेवढे येणार नाहीत. वहिनी म्हणाली, "भावजी, भंगारवाल्यालाच देऊन टाकू. पोरगी घाटात एकटी अडकली होती, मला आता त्या गाडीची भीती वाटते." दादाला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुतणी फोनवर काहीच बोलली नाही, आणि त्यावरून तिला काय वाटतंय ते मला कळलं.

मी म्हटलं, भंगारात द्यायची तर देऊ, पण आधी आठ दिवस गाडी माझ्या दारात लावा.

आता जरा यंत्राचं. इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते तिच्यापैकी साधारण एक तृतीयांश चाकांपर्यंत पोचली तरी खूप झालं. बाकीच्यातली बरीच सायलेन्सरमधून जाते आणि उरलेला मोठा वाटा पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप पाणी इंजिनमधून फिरवतो, ते तापून रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक नळ्यांतून उतरताना हवेला उष्णता देतं आणि परत इंजिनात जातं. मध्ये एक दरवान असतो, थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण असतं. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. पाणी ८२ किंवा ८८ अंशांना आलं (आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो) की मेण फुगतं आणि दार उघडतं. एवढाच संसार. यात बिघडण्यासारखं म्हणजे पाणी कमी होणं, पाणी न फिरणं, हवा न मिळणं, दाब न टिकणं, नाहीतर इंजिनातूनच जळता वायू पाण्यात घुसणं.

यातलं नेमकं काय झालंय हे ओळखायचा पहिला प्रश्न म्हणजे गाडी गरम *कधी* होते. मिस्त्रीकडे जाताना "गरम होते" एवढंच सांगू नका. सिग्नलला, बाजारात, गणेशोत्सवाच्या गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागल्यावर उतरतो? मग पंखा बघा. गाडी पळताना हवा आपोआप मिळते, उभी असताना पंख्याशिवाय कोणी नाही. फ्यूज, रिले, वायरचं सॉकेट, शेवटी मोटर. मोटरला बॅटरीवरून थेट वीज देऊन पंखा फिरला तर दोष आधीच्या वायरिंगमध्ये. आणि पंखा फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नका, कोणीतरी वायरी उलट जोडलेल्या असू शकतात. जाळीसमोर वहीचा कागद धरा. पंखा चालू असताना तो आत खेचला जाऊन चिकटला पाहिजे. बाहेर उडाला तर पंखा उलटा फिरतोय आणि पळत्या गाडीच्या वाऱ्याशी भांडतोय. (अँबॅसडरवाल्यांना ही भानगड नव्हती. त्यांचा पंखा बेल्टवर, इंजिनबरोबर फिरणारा. त्यांनी बेल्ट बघायचा.)

उलट, गावात ठीक पण चढावर किंवा ऐंशीच्या वर वेग गेला की गरम? मग हवा नव्हे, पाणी कमी पडतंय. रेडिएटर आतून बुजलेला, पंपाची पाती झिजलेली, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, खालचा पाइप चेपणारा, यांपैकी काहीतरी. सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटांत गरम होत असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा पाणीच नाही. आणि पाण्याशी काही संबंध नसलेली कारणंही असतात. चिकटून राहणारा ब्रेक, घसरणारा क्लच, मागे पडलेलं टायमिंग. गाडी ओढत नाही आणि गरमही होते असं असेल तर चाकं हात लावून बघा, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं सापडतं.

आमची गाडी चढावर गरम झाली होती. गावात? वहिनी म्हणाली, "गावात तर काटा जागचा हलायचा नाही. हे नेहमी म्हणायचे, माझी गाडी बघ किती थंड चालते."

हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. का, ते थोडं पुढे.

आधी हेड गॅस्केटचा निकाल लावायचा होता. ती साय खरी होती, मीही पाहिली. पण ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलंच असं नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, तिच्यातली थोडी पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या भागात जाते. इंजिन नीट तापलं की ती उडून जाते. गाडी रोज बाजारापर्यंत दोन किलोमीटर आणि परत, तेही आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात, अशी चालत असेल तर इंजिन तापतच नाही. मग ती वाफ सगळ्यात गार जागी, म्हणजे त्या झाकणाला, जाऊन बसते आणि ऑइलबरोबर घुसळून साय होते. पाणी खरंच ऑइलमध्ये उतरलं असेल तर डिपस्टिकवरचं ऑइलही दूध घातलेल्या चहासारखं दिसतं आणि त्याची पातळी वाढते. आमची डिपस्टिक स्वच्छ. ऑइल काळं, पण निखळ.

तरी एवढ्यावर सोडलं नाही. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू केली. गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो आणि कांदाभजीच्या कढईसारखे बुडबुडे सतत येत राहतात. सुरुवातीला दोन-चार आले, ते अडकलेल्या हवेचे, मग शांत. झाकण लावून परत दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केली आणि लगेच वरचा पाइप दाबून पाहिला. मिनिटभरात तो दगडासारखा कडक झाला तर गडबड, कारण पाणी तापायच्या आधी दाब यायला दुसरं कारण नाही. पाइप मऊच होता. तिन्ही प्लग काढले. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जातं त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख निघतो. आमचे तिन्ही एकसारखे काळपट. सायलेन्सरमधून पांढरा धूर फक्त पहिली दोन मिनिटं, तो तर पावसाळी सकाळी सगळ्यांचाच येतो. शेवटी ओळखीच्या दुसऱ्या गॅरेजमधून हातपंपासारखं दाब तपासायचं यंत्र आणलं. ते रेडिएटरच्या तोंडाला लावून दाब दिला की काटा स्थिर राहायला हवा. पंधरा मिनिटं राहिला. म्हणजे आत गॅस्केट शाबूत आणि बाहेर पाइप, क्लिपा, पंप यांतून गळतीही नाही. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून थेंब पडतात आणि वाळून डाग राहतो. तेही कोरडं.

पस्तीस हजार वाचले होते. त्या मिस्त्रीने फसवलं असं मी म्हणणार नाही. साय बघितली, घाटात उकळल्याचं ऐकलं, जोडणी केली. मीही त्याच्या जागी घाईत असतो तर तेच म्हणालो असतो.

मग गाडी उकळली का? त्याच यंत्राला झाकण लावून तपासलं, तर दाब टिकेचना. रबर वाळून कडक झालेलं, स्प्रिंग गंजून ढिली. आता भरलेल्या बाटलीचं कोडं सुटलं. झाकणात दोन झडपा असतात. पाणी तापून फुगलं की मोठी झडप उघडून जास्तीचं पाणी बाटलीत जातं. गाडी निवली की आतलं पाणी आकसतं, तेव्हा दुसरी बारीक झडप उघडून तेच पाणी परत ओढून घेतलं जातं. ही दुसरी झडप किंवा रबर गेलं की पाणी बाटलीत जातं, पण परत येत नाही, रेडिएटर बाहेरची हवा ओढतो. दर फेरीला थोडं थोडं करत आतलं पाणी कमी होत जातं, आणि बाटली मात्र टच्च भरलेली. बाटली बघून खूश होणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा, गाडी गार असताना, रेडिएटरचं झाकण काढून आत डोकवावं. पाणी तोंडापर्यंत दिसलं पाहिजे. तसंच सकाळी एखादा पाइप चपटा झालेला दिसला तर तीच बारीक झडप अडकून बसलीय असं समजा.

दाबच नाही म्हटल्यावर पुढचा हिशोब सोपा. आत साधं पाणी, कूलंट नाही. घाटात निम्म्यावर उघडं पाणी १०० अंशांच्या थोडं आधीच उकळायला लागतं, बेळगावात, ७५० मीटर उंचीवर, साडेसत्त्याण्णवच्या सुमाराला. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचं पाणी ९५ पर्यंत जाणं यात विशेष काही नाही. जिथे वीस-पंचवीस अंशांची मोकळीक हवी तिथे चार-पाच उरले होते.

पण ते चारही ओलांडले, याचा अर्थ रेडिएटरही आपलं काम करत नव्हता. गाडी गरम करून, इंजिन बंद करून, पंख्याचं सॉकेट काढून (इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, बोटं सांभाळा) रेडिएटरवर जागोजागी तापमान घेतलं. त्यासाठी कारखान्यात वापरतात तसं इन्फ्रारेड थर्मामीटर लागतं. कोविडच्या काळात कपाळाला लावायला घेतलेलं चालणार नाही, त्याची झेप माणसाच्या तापापुरतीच. एका बाजूचा मोठा पट्टा बाकीच्यापेक्षा कितीतरी गार निघाला. तिथे गरम पाणी पोचतच नव्हतं. नळ्या बुजल्या होत्या, आणि कशाने ते झाकणाच्या आतल्या पांढऱ्या थराने सांगितलं. दादाच्या घरी बोअरवेल आहे. त्या पाण्याने आंघोळीच्या बादलीला, गीझरच्या कॉइलला जो क्षार चढतो तोच. दादा दर रविवारी गाडी धुवायचा आणि प्रेमाने रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालायचा. दहा-बारा वर्षं. दर रविवारी थोडं पाणी *लागतंय* म्हणजे काहीतरी चुकतंय, हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि मला त्याने कधी सांगितलं नाही.

कदाचित सांगायची गरज वाटली नसेल. कारण काटा खाली होता.

आता तो पोटातला गोळा. इंजिनच्या वरच्या बाजूला थर्मोस्टॅटचं घर असतं, ते दोन बोल्ट काढून उघडलं. आत काहीच नव्हतं. आणि नसणारच होतं, कारण तो मीच काढला होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी गाडी एकदा गरम झाली, थर्मोस्टॅट अडकलेला निघाला, आणि मी दादाला म्हटलं, "आपल्याकडच्या उन्हात याची गरजच नाही. असाच चालव, नवा मिळाला की टाकू." नवा मिळायला काही अडचण नव्हती. मला वेळ नव्हता, आणि काटा खाली आल्यावर दोघंही विसरलो.

"थर्मोस्टॅट काढून टाका" हा सल्ला अजून कित्येक गॅरेजमध्ये मिळतो. त्याने काय होतं ते या गाडीवर सगळं लिहिलेलं होतं. गावात इंजिन कधीच पुरतं तापत नाही. गार इंजिनला जास्त पेट्रोल लागतं, झीज जास्त होते, आणि ती साय जमते, जी बघून तेरा वर्षांनी दुसरा कोणीतरी हेड उघडायला निघतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना आतली आडवाट बंद करतो. तो नसला की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत फिरतं. पण सगळ्यात वाईट म्हणजे तो नसला की काटा खोटं बोलतो. रेडिएटर निम्मा बुजला तरी गावात ते कळत नाही, कारण बुजलेला निम्मा रेडिएटरही दोन किलोमीटरच्या फेरीला पुरून उरतो. कळतं ते घाटात, पुतणी एकटी असताना.

काट्याचं खोटं आणखी एका प्रकारे पकडता येतं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी बरंच गेलं आणि सेन्सर उघडा पडला तर इंजिन भाजत असताना काटा *खाली* येऊ शकतो. चढावर गरम होत चाललेली गाडी अचानक थंड झाल्यासारखी दिसली, हीटरमधून गार वारा यायला लागला, तर आनंद मानू नका, थांबा. ज्यांच्या गाडीत काटाच नाही, नुसता निळा आणि लाल दिवा आहे, त्यांनी लाल दिवा म्हणजे "लवकर थांबा" नव्हे तर "आत्ता थांबा" असं वाचायचं.

दुरुस्ती सोपी होती. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर टाक्या सोडवून, नळ्यांतून सळई फिरवून साफ करता येतात, रेडिएटरवाले अजून ते करतात. आमचा ॲल्युमिनियमचा, प्लॅस्टिकच्या टाक्यांचा. त्याला सळई चालत नाही, नवाच टाकला. इंजिनातलं जुनं पाणी उलटसुलट फिरवून गढूळपणा जाईपर्यंत धुतलं. नवं झाकण, वरखालचे दोन्ही पाइप आणि थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट नवा असला तरी बसवायच्या आधी तपासतो. जुन्या पातेल्यात दोरीने टांगून, शेजारी थर्मामीटर धरून गॅसवर ठेवायचा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागून उकळी फुटेपर्यंत चांगला उघडला पाहिजे आणि निवल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. पातेलं पुन्हा स्वयंपाकाला द्यायचं नाही, हे मला बायकोने सांगितलं.

मग कूलंट. तयार मिळतं ते तसंच ओतायचं. घट्ट मिळतं त्यात डब्यावर सांगितल्या प्रमाणात, बॅटरीत घालतात तसं क्षारमुक्त पाणी मिसळायचं. बोअरचं नाही, नळाचंही नाही. हिरवं आणि नारंगी एकमेकांत मिसळू नका. गाडीच्या पुस्तकात जे सांगितलंय ते, आणि त्याच मुदतीत बदलायचं. कूलंटला गोडसर चव असते आणि ते विषारी असतं, तेव्हा काढलेलं जुनं कूलंट अंगणात उघडं ठेवू नका. कुत्री-मांजरं चाटतात, लहान मुलांचाही भरवसा नाही. भरताना झाकण उघडं, हीटर चालू, इंजिन सुरू. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत वरचा पाइप हळूहळू दाबत राहायचं, म्हणजे आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. ही हवा राहिली तर सगळं नवीन घालूनही गाडी गरम होते आणि मग लोक रेडिएटरवाल्याला शिव्या देतात. गळती थांबवायची पूड, किंवा ट्रकवाल्यांची हळद, यातलं काही टाकू नका. हळदीने बारीक भोक बुजतं हे खरं, पण तिला भोक कुठलं आणि नळी कुठली ते कळत नाही.

सगळा खर्च साडेपाच हजारांच्या आत झाला. हेडला काही झालं नाही, कारण पुतणी घाटात वेळेवर थांबली होती.

वहिनीला शेजारी बसवून गाडी जांबोटीपर्यंत नेऊन आणली. दहा मिनिटांनी ती घाबरून म्हणाली, "भावजी, काटा बघा, निम्म्यापर्यंत आलाय! ह्यांच्या वेळी एवढा वर कधीच येत नव्हता." काटा तिथेच असायला हवा, आणि ह्यांच्या वेळी तो का येत नव्हता, हे मी तिला परतीच्या वाटेवर सगळं सांगितलं. थर्मोस्टॅट मी काढला होता, हेही. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "ह्यांनीही विचारायला हवं होतं ना, दर रविवारी पाणी कुठे जातंय ते."

दिवाळीला पुतणी तीच गाडी घेऊन आली. कणकुंबीला पोचल्यावर तिने मला काट्याचा फोटो पाठवला, बरोबर मधोमध. गाडी थांबवून काढलास ना, एवढंच मी उलट विचारलं.